मऊ म्हणजे सादळलेलं नव्हे

आपल्याकडे मऊ बिस्कीट म्हणजे बिघडलेलं बिस्कीट. जोयडा तालुक्यातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पापड, चकली, बिस्कीट, मीठ, आगपेटी, सगळंच सादळतं. डब्याचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं की बिस्कीट चहात न बुडवताच वाकतं. त्यामुळे कुणाच्या ताटात बिस्कीट वाढताना ते कुरकुरीत आहे ना, हे आधी बोटांनी दाबून बघायची सवय आम्हा बायकांना लागलेली. अशा मुलुखात राहून मी गेल्या नाताळात मुद्दाम मऊ बिस्किटं भाजली आणि शेजारी पाठवली. ती का, आणि कशी, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आम्ही रामनगरला राहतो. मूळचे आम्ही सुप्याचे. काळी नदीवर गणेशगुडीला धरण बांधायचं ठरलं आणि जुनं सुपा गाव उठलं. धरण 1987 साली पुरं झालं. आमचं घर, चर्चकडे जाणारी वाट, बाजार, सगळं आज त्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा शेजार मात्र उठला नाही. सुप्यात ज्या काकी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या, त्या रामनगरलाही दोन घरं सोडून राहायला आल्या. माझ्या आईची आणि त्यांची मैत्री. आई गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. काकी आहेत. ऐंशी कधीच ओलांडली त्यांनी.

दोन घरांमधला रिवाज जुना. दिवाळीला काकींकडून फराळाचं ताट येणार, नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे जाणार. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट घेऊन आम्ही पोरं नाताळच्या सकाळी, मिस्साहून आल्याबरोबर, घरोघर फिरायचो. आणि रिकामं ताट परत करायचं नाही, हा दोन्हीकडचा नियम. कुणी साखर घालायचं, कुणी केळी, कुणी नुसता गुळाचा खडा. काकी मात्र दरवर्षी दालचिनीच्या साली घालायच्या. सुप्याच्या घरामागे त्यांचं दालचिनीचं झाड होतं. ते पाण्यात गेलं, पण येताना त्यांनी एक रोप डब्यात लावून आणलं. आज ते अंगणात छपराच्या वर गेलंय. आमच्या घरात कोकणीत दालचिनीला तिखी म्हणतात, काकी दालचिनी म्हणतात, झाड एकच.

आता अडचण कुठे आली ते सांगते. काकी माळकरी. मांस, मासे, अंडं काही चालत नाही. त्यामुळे आमच्या नाताळच्या फराळातला केक आणि बोलिन त्यांच्या ताटातून आधीच बाद. दोन्हींत अंडं असतं. आई त्यांच्यासाठी वेगळ्या कढईत नेवऱ्या आणि कुलकुल तळायची आणि दोदोल ठेवायची. पुढे काकींचे दात गेले. कुलकुल चावेना. नेवरीची कड टोचायला लागली. दोदोल मऊ खरं, पण कवळीला असं चिकटतं की काकींनी एकदा तोंडावर पदर धरून घरात धावच घेतली! तरी ताट जायचं, त्या कौतुकाने घ्यायच्या, दालचिनी घालून परत करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची नात बोलता बोलता म्हणून गेली, “आजी तुमच्या ताटातलं काहीच खात नाही, सगळं आम्हालाच वाटते.”

मला ते लागलं. खरं तर त्यात वाईट काही नव्हतं, नातवंडांनी खाल्लं तरी पोचलंच. पण मनात आलं, ताट आता नुसतं रीत म्हणून जातंय. ज्यांच्यासाठी जातं त्यांच्या तोंडात एक घासही जात नसेल तर ते कसलं पाठवणं? त्याच सुमारास गोव्यात नोकरीला असलेली माझी मुलगी सुट्टीत आली होती. तिने एका मैत्रिणीकडे दालचिनीच्या मऊ कुकी खाल्ल्या होत्या. अमेरिकेत त्यांना स्निकरडूडल म्हणतात म्हणे. पिठाचे गोळे दालचिनी-साखरेत घोळवून भाजायचे. बाहेरून दालचिनीचा वास, आतून मऊ, जरा चिवट. मी म्हटलं, हेच करायचं. दालचिनी तर काकींचीच डबाभर घरात पडलेली.

वाटलं तितकं सोपं निघालं नाही. तीन घाणे फुकट गेले. प्रत्येक घाण्याने एक धडा शिकवला, म्हणून तेही सांगते.

पहिला घाणा मी तुपात केला. हाताला नानखटाईचीच सवय. तूप, साखर, मैदा. भाजून आलं ते चांगलं होतं, पण ती दालचिनीची नानखटाई झाली. खुसखुशीत, तोंडात भुगा. काकींना भुग्याचा ठसका लागतो. विचार केल्यावर कळलं की तुपात पाणी नसतं, लोण्यात असतं. तूप म्हणजे लोण्यातलं पाणी आटवूनच केलेलं. मऊपणा म्हणजे आत राहिलेला ओलावा. मग तो येणार कुठून? शिवाय नुसती पांढरी साखर थंड झाली की पुन्हा कडक होते. बिस्कीट कुरकुरीत करते ती हीच साखर.

दुसऱ्या घाण्याला लोणी आणि गूळ घेतला. परदेशात यासाठी ब्राऊन शुगर वापरतात. साखरेत उसाची काकवी मिसळलेली असते तीत. आपल्या गुळात ती काकवी मुळातच असते. गुळातल्या साखरेचा काही भाग पाणी धरून ठेवणारा असतो, म्हणून गूळ पावसाळ्यात पाझरतो आणि म्हणूनच गुळाची कुकी मऊ राहते. ज्या गुणामुळे गूळ आपण डब्यात घट्ट बंद करून ठेवतो, तोच गुण इथे कामाला येतो. पण मी घाई केली. गूळ लोण्यात वितळवून गरम गरमच मैद्यात ओतला आणि लगेच भाजायला ठेवलं. सगळे गोळे पसरून एकमेकांत मिसळले. ताटलीभर एकच मोठी चिक्की! नवरा म्हणाला, “ही काकींना नको, हातोडी लागेल.”

तिसऱ्या घाण्याला पीठ थंड केलं, गोळे छान बसले. पण दहा मिनिटांनी बघितलं तर मध्ये बोट दाबलं की खड्डा पडत होता. माझ्या जुन्या सवयीने मला वाटलं कच्च्या आहेत. आणखी सात मिनिटं ठेवल्या. काढल्या तेव्हा सुंदर दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी दगड.

तिथे मला खरी गोष्ट समजली. कुरकुरीत बिस्कीट आपण पाणी जाईपर्यंत भाजतो. बिस्कीट या शब्दाचा मुळात अर्थच दोनदा भाजलेलं असा आहे. जहाजावर महिनोन्‌महिने टिकावं म्हणून ते तसं करायचे. कुकी हा शब्द मात्र डच लोकांच्या भाषेतून आलाय आणि त्याचा अर्थ छोटा केक. म्हणजे दोन्ही नावांतच फरक सांगून ठेवलाय. कुरकुरीत बिस्कीट हवेतलं पाणी ओढून मऊ पडतं तेव्हा ते सादळतं, आणि त्याची चव जाते. कुकी आपलं स्वतःचं पाणी राखून असते. ती सादळलेली नव्हे, ती तशीच करायची असते.

आता कृती. यात अंडं नाही. वजनकाट्यावर मोजा, वाटीच्या मापाने गूळ दाबून भरला तर वेगळा भरतो आणि सैल भरला तर वेगळा.

मैदा 200 ग्रॅम. त्यातला एक मोठा चमचा काढून त्याच्या जागी एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर घाला, त्याने कुकी आणखी मऊ होते. लोणी 100 ग्रॅम. बाजारचं खारं लोणी असेल तर वेगळं मीठ नको. घरचं लोणी घेतलंत तर त्यातलं ताकाचं पाणी नीट दाबून काढा, नाहीतर पीठ सैल होईल. चिरलेला गूळ 110 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम. अंड्याच्या जागी घट्ट दही तीन मोठे चमचे. दही फडक्यात बांधून अर्धा तास टांगून मग मोजा. खायचा सोडा अर्धा छोटा चमचा. दालचिनीची पूड एक छोटा चमचा. वरून घोळवायला तीन मोठे चमचे साखर आणि त्यात दीड छोटा चमचा दालचिनी पूड.

लोणी मंद आचेवर वितळवा, उकळू देऊ नका. त्यात गूळ आणि साखर घालून विस्तव बंद करा आणि ढवळत राहा. गुळाच्या गाठी राहिल्या तर गाळून घ्या, कधी कधी त्यात उसाचे चोथे, खडेही असतात. आता हे पूर्ण थंड होऊ द्या. बोट बुडवलं तर कोमट लागता कामा नये. माझी चिक्की इथेच झाली होती. थंड झाल्यावर दही फेटून घाला. मैदा, कॉर्नफ्लॉवर, सोडा, दालचिनी एकत्र चाळून त्यात मिसळा. मिसळा म्हटलं, मळा म्हटलं नाही. चपातीच्या कणकेसारखं तिंबलंत तर पीठ चिवट होईल, आणि तो चिवटपणा आपल्याला नको. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. झाकून एक तास फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर डिसेंबरातल्या आमच्या जोयड्याच्या पहाटेवर विसंबायला हरकत नाही, ती बाहेर ठेवलेलं लोणीही घट्ट करते.

लिंबापेक्षा थोडे लहान, साधारण 25 ग्रॅमचे गोळे करा. वीस-एक होतील. दालचिनी-साखरेत सगळीकडून घोळवा. ताटलीला लोणी लावून दोन-दोन इंचांवर मांडा. चेपू नका, ते आपोआप बसतात. ओव्हन असेल तर तो आधी 180 अंशांवर तापवून घ्या आणि 10 मिनिटं भाजा. कडा बसल्यासारख्या दिसल्या, वर भेगा पडल्या आणि मधला भाग अजून मऊ असला, की बाहेर काढा. तुमचं मन म्हणेल कच्च्या आहेत. मनाचं ऐकू नका. गरम ताटलीवरच पाच-सात मिनिटं राहू द्या, तेवढ्यात त्या आतून शिजून घट्ट होतात. लगेच उचलायला गेलात तर मोडतील.

ओव्हन नसेल तर कुकर आहेच. शिट्टी आणि झाकणाचं रबर काढा. तळाला जाड मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग छोट्या ताटलीत चार-पाच गोळे मांडून आत ठेवा, आच मंद करा, 15 ते 18 मिनिटं. पाणी घालायचं नाही, हे लक्षात असू द्या. हे मीठ नंतर जेवणात वापरू नका, पुढच्या वेळच्या भाजण्यासाठी डब्यात भरून ठेवा. कुकरमध्ये वरून आच मिळत नाही, त्यामुळे रंग कमी येतो, चवीत फरक नाही. आमच्या आजीच्या काळी बिबिंकसाठी भांड्यावर झाकण ठेवून त्यावर निखारे घालायचे. चूल असलेल्यांनी तेही करून बघावं, फक्त खाली विस्तव कमी आणि वर निखारे जास्त.

गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि सोबत पावाची एक चकती टाका. दुसऱ्या दिवशी बघा, पाव कडक झालेला असेल आणि कुकी मऊ. पावातलं पाणी गुळाने ओढून घेतलेलं असतं. अशा चार-पाच दिवस चांगल्या राहतात.

दालचिनीविषयी दोन शब्द. बाजारात दालचिनी म्हणून दोन वेगळ्या झाडांच्या साली मिळतात. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ असते, विडीच्या पानांसारखे पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटांनी चुरडते. दुसरी जाड, लाकडासारखी, एकाच पदराची, तिला कॅसिया म्हणतात. तिची चव उग्र, किंमत कमी. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य पुष्कळ असतं, आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला अपाय करू शकतं. सणाला दोन कुकी खाऊन काही होत नाही. पण औषध म्हणून रोज चमचाभर दालचिनी फाकणाऱ्यांनी ती कुठली आहे ते बघावं आणि डॉक्टरांना विचारावं. याच पातळ सालीच्या देशात, श्रीलंकेत, पोर्तुगीज 1505 साली पोचले आणि 1658 मध्ये डचांनी त्यांना तिथून हुसकावलं. एवढ्या लढाया जिच्यासाठी झाल्या, ती आमच्याकडे काकी रिकाम्या ताटात घालून देतात!

आणखी एक. आपल्या रानात दालचिनीच्या जातीची झाडं आहेत, हे आपण सगळे जाणतो. पण उभ्या झाडाची साल भोवतीने सोलली की झाड मरतं, आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात तर साल काढणं गुन्हाच. लावलेल्या झाडाचं तसं नसतं. दोन-तीन वर्षांची फांदी बुडाशी कापायची, पावसाळ्यात साल सहज सुटते, वरची खरबरीत त्वचा खरवडायची, आतली साल काढून सावलीत वाळवायची. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. काकी तसंच करतात. अंगणात एक रोप लावायला कुणाची हरकत आहे?

तर चौथा घाणा जमला. नाताळच्या सकाळी ताट घेऊन मी स्वतः गेले, पोरांना पाठवलं नाही. त्यात नेवऱ्या नातवंडांसाठी, आणि वेगळ्या वाटीत सहा कुकी काकींसाठी. मी आधीच सांगितलं, “काकी, यात अंडं नाही. भांडं वेगळं, हात धुऊन केलंय. फक्त गोड आहे, तुमची साखर सांभाळून खा.” काकींना मधुमेह आहे. गूळ घातला म्हणून तो साखरेपेक्षा बरा, असं काही नसतं. दालचिनीने साखर उतरते म्हणून चार जास्त खाव्या, असंही नसतं. हे शेजाऱ्याला देताना सांगणं हे आपलं काम. शेजारधर्मात ताटात काय आहे ते खरं सांगणं पहिलं येतं.

काकींनी एक उचलली. बोटांनी दाबली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “बाय, सादळलंय गं हे.”

मी काही बोलले नाही. त्यांनी एक तुकडा तोडून तोंडात घातला. जरा वेळ घोळवला. मग दुसरा. अख्खी संपवली. नात म्हणाली, “आजी, पुरे.” काकी म्हणाल्या, “वास ओळखीचा आहे.” मी सांगितलं, “तुमच्याच झाडाची आहे, गेल्या वर्षी दिली होतीत ती.” तेव्हा त्यांनी दुसरीही उचलली, पण नातीच्या डोळ्यांकडे बघून परत ठेवली, आणि वाटी पदराखाली सरकवून म्हणाल्या, “ही उद्याला.”

संध्याकाळी ताट परत आलं. त्यात दालचिनी होती, नेहमीसारखी. बरोबर नातीकडून निरोप, पुढच्या वेळी गूळ जरा कमी घाल, आणि लवकर कर, नाताळची वाट नको बघू.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता ताटाच्या जागी बेकरीचा खोका जातो. वेळ नसतो, हात दुखतात, मुलं परगावी, मी कुणाला दोष देत नाही. खोकाही प्रेमानेच जातो. पण वर्षातून एकदा, एका घरासाठी तरी, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला काय चावतं, काय चालतं, काय चालत नाही, एवढं विचारून काही करून बघावं. एक घाणा बिघडेल, दोन बिघडतील. मैदा, गूळ काही फार महाग नाही. मी आता पाडव्याच्या आधी एक घाणा करणार आहे, गूळ 90 ग्रॅमवर आणून. कसा होतो ते काकी सांगतीलच.